सात वॅटच्या हॅम सेटमध्ये आतच पॉवर ॲम्प्लिफायर बसवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गेल्या दोन वर्षांत वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांतून माझ्याकडे दुरुस्तीला आलेले घरगुती हॅम सेट (हौशी लोकांचे बोलण्या-ऐकण्याचे रेडिओ) बहुतेक एकाच कारणाने बिघडलेले होते. सेट चांगला चालत होता, मालकाने त्यात ॲम्प्लिफायरचा बोर्ड बसवला आणि पहिल्याच दिवशी मॉस्फेट (पॉवर वाढवणारे ट्रान्झिस्टर) उडाले. आर्वीकडचा एक तरुण सेट टेबलावर ठेवत म्हणाला, "काका, पंखा तं मस्त फिरते, पन कोनी आयकतच नाही." त्याच्या बोर्डात दोष नव्हता. जे काम शेवटी करायचे ते त्याने आधी केले होते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे, क्रमानेच वाचा.

हा लेख ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या बिटएक्स पद्धतीच्या (घरी बांधता येणाऱ्या एका आराखड्याच्या) एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची एक पद्धत) सेटसाठी आहे. असा सेट पाच ते सात वॅट देतो. त्याच्याच डब्यात दोन मॉस्फेटचा पुश-पुल (दोघे आळीपाळीने काम करतात असा) बोर्ड बसवून २५ ते ३५ वॅट मिळवायचे आहेत.

आधी परवाना

सीबी (सिटिझन बँड) रेडिओत हे काम करू नका. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, पण ५ वॅटच्या मर्यादेत. त्या सेटला ॲम्प्लिफायर जोडला की ती सवलत संपते. पुढचे सगळे फक्त हॅम परवाना असणाऱ्यांसाठी आहे. परवान्यावर तुमच्या श्रेणीसाठी किती वॅटची मर्यादा आहे ती वाचा आणि तिच्या आत राहा. अजून परीक्षा दिली नसेल तर आधी ती द्या, बोर्ड कुठे पळून जात नाही.

टप्पा १: अँटेना तपासा, ॲम्प्लिफायर नंतर

सात वॅटचे तीस वॅट झाले की समोरच्याच्या मीटरवर साधारण एक एस-युनिट (सिग्नलच्या जोराचे माप) वाढते, कारण एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे चौपट पॉवर. त्याहून जास्त फरक अँटेनाने पडतो. अंगणात डोक्याएवढ्या उंचीवर बांधलेली तार दहा मीटरवर चढवली तर ॲम्प्लिफायरची गरजच उरत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

साध्या डायपोलची (मधून दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाची) एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटरच्या थोडे वर. तार आधी वीतभर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचे माप, १ म्हणजे उत्तम) बघत थोडी थोडी कापा. कडुलिंबाचे झाड आणि गच्चीवरचा लोखंडी पाइप असे दोन टोकांचे आधार खेड्यात सहज मिळतात. तार तुटून पडली तरी पंपाच्या लाइनवर किंवा ११ केव्हीच्या तारेवर जाणार नाही एवढे अंतर हवेच. लाइन जवळून जात असेल तर जागा बदला, यात तडजोड नको.

तपासणी: तुम्ही ज्या भागात बोलता तिथे एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आला का? दोनच्या वर असेल तर इथेच थांबा. सात वॅटला चालून गेलेली अँटेना तीस वॅटला मॉस्फेट मारते.

डायपोलच्या टोकांना बोलताना मोठे व्होल्टेज असते. ती टोके मुलांच्या आणि गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

टप्पा २: वीजपुरवठा

तीस वॅट बाहेर काढायला बोर्ड साधारण साठ वॅट खातो, म्हणजे १३.८ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या जवळपास. त्यात सेट, रिले आणि पंखा धरला तर सहा अँपिअर झाले. मोबाइल चार्जरसारख्या बारीक वायरीतून हे जात नाही. ०.५ चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर घेतली तर जाऊन-येऊन सहा मीटर होतात आणि पाच अँपिअरला एक व्होल्टच्या वर त्यातच जातो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, लांबी दीड-दोन मीटरच ठेवा.

पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १३.८ व्होल्टला ३० वॅट देणारा बोर्ड १२ व्होल्टवर २३ वॅटच देतो. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी वापरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा आणि "बोर्ड कमी देतो" म्हणून प्रिसेट (बोर्डावरचा पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवत बसू नये.

मेनवर चालणारा पुरवठा घेत असाल तर तो संध्याकाळी तपासा. गावात मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंद होतात, तेव्हाही त्याने १३.८ व्होल्ट धरायला हवेत.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसवा. डब्याच्या आत, फ्यूजच्या पुढे, धन आणि ऋण यांच्यामध्ये एक जाड डायोड उलटा जोडा. वायर उलटी लागली तर फ्यूज जाईल, सेट वाचेल.

टप्पा ३: सामान, आणि विकत घेताना काय बघायचे

बोर्डाचा किट ऑनलाइन मिळतो, बाकी बरेचसे सामान नागपूरला सीताबर्डीत मिळते. किटवर ७० किंवा १०० वॅट छापलेले असते, तो आकडा धरून चालू नका. आयआरएफ५३० ची जोडी १३.८ व्होल्टवर ७ मेगाहर्ट्झला ३० वॅट स्वच्छ देत असेल तर बोर्ड चांगला आहे.

याशिवाय लागेल ते असे: बारा व्होल्टचे दोन छोटे रिले, ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा फटींचा ठोकळा), ८० मिलिमीटरचा संगणकातला पंखा, मायका किंवा सिलिकॉनचे पॅड, स्क्रूसाठी प्लास्टिकचे बुश, पातळ कोॲक्स वायर, फिल्टरसाठी टी५०-६ च्या तीन पिवळ्या रिंगा आणि एनपीओ (तापल्यावर मूल्य न बदलणारे सिरॅमिक) किंवा सिल्व्हर मायकाचे ५०० व्होल्टचे कपॅसिटर. साधे तपकिरी डिस्क कपॅसिटर फिल्टरमध्ये घालू नका, ते तापतात आणि त्यांचे पिकोफॅरॅडमधले मूल्य सरकते.

डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) विकत घ्यायची गरज नाही. १ किलो-ओहमचे, २ वॅटचे, मेटल ऑक्साइड प्रकारचे २० रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहम आणि ४० वॅट तयार होतात. सिमेंटचे पांढरे रेझिस्टर घेऊ नका. त्यांच्या आत तारेचे वेटोळे असते आणि ७ मेगाहर्ट्झला ते ५० ओहम राहत नाही.

डमी लोडवरच मोजमापाची सोय करा. १एन४१४८ चे दोन डायोड एकामागे एक जोडून लोडच्या गरम टोकापासून घ्या, पुढे १०० व्होल्टच्या वरचा १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर जमिनीला (सर्किटच्या ऋण बाजूला) लावा आणि त्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. ३२ व्होल्टच्या आसपास दिसले तर १० वॅट, ४५ ला २० वॅट, ५५ ला ३० वॅट.

टप्पा ४: डब्यातली मांडणी

बोर्ड मागच्या पॅनेलला, हीटसिंक डब्याच्या बाहेर. सेटचा मूळ बोर्ड आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा आणि तो खाली डब्याला नीट पेचाने बसवा. ॲम्प्लिफायरची आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर विरुद्ध बाजूंना हवी. दोन्ही एकाच जुडग्यात बांधून टाकणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. बाहेर जाणारी पॉवर परत आत शिरते आणि बोर्ड आपोआप ओरडू लागतो, म्हणजे काही न बोलताच पॉवर फेकू लागतो.

आता मॉस्फेट. टीओ-२२० पॅकेजची धातूची पाठ ड्रेनला (मॉस्फेटच्या मुख्य करंटच्या पायाला) जोडलेली असते, म्हणजे तिथे थेट १३.८ व्होल्ट आहेत. पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये पॅड हवा आणि स्क्रूभोवती बुशही हवा. माझी पहिली जोडी मी अशीच घालवली. पॅड लावला होता, बुश विसरलो होतो आणि स्क्रूने शॉर्ट करून टाकला.

तपासणी: वीज न देता मल्टिमीटर बीपवर ठेवा. प्रत्येक मॉस्फेटची पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये बीप वाजता कामा नये. वाजला तर पुढचा स्क्रूसुद्धा कसू नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार हीटसिंक निवडतानाच करा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छपराखालची खोली त्याहून गरम असते. किटबरोबर आलेला हाताएवढा पत्रा पुण्यात चालेल, ब्रह्मपुरीत नाही. पंखा हीटसिंकच्या फटींतून हवा ओढेल असा लावा आणि पुढे बारीक जाळी बसवा. कापूस वेचणीच्या दिवसांत रुईचे तंतू फटींत बसतात. दर महिन्याला ब्रशने काढा.

टप्पा ५: लो-पास फिल्टर

"सेटमध्ये फिल्टर आहेच की," असे मला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. तो फिल्टर सेटच्या स्वतःच्या पॉवरसाठी आहे. नवा ॲम्प्लिफायर त्याच्या पुढे बसतो आणि स्वतःच्या हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट, नको असलेल्या लहरी) नव्याने तयार करतो. पुश-पुलमध्ये १४ मेगाहर्ट्झची दुसरी हार्मोनिक बरीचशी कटते, २१ ची तिसरी मात्र जोरात निघते. त्यामुळे ॲम्प्लिफायरनंतर दुसरा फिल्टर लागतोच.

सात घटकांचा फिल्टर असा: आधी २७० पिकोफॅरॅड जमिनीला, मग १९ वेढ्यांची रिंग, मग ६८० जमिनीला, २१ वेढ्यांची रिंग, ६८० जमिनीला, १९ वेढ्यांची रिंग, शेवटी २७० जमिनीला. रिंगेच्या भोकातून तार जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजणारे एक वेढा चुकवतातच. वेढे रिंगेच्या तीन-चतुर्थांश भागावर सारखे पसरवा आणि शेजारच्या रिंगा एकमेकींना काटकोनात ठेवा.

ही जोडणी फार अवघड नाही. वेळ घ्या, एवढेच.

टप्पा ६: ड्राइव्ह कमी करा

बहुतेक बोर्डांना ड्राइव्ह म्हणून, म्हणजे इनपुटला, तीन-चार वॅट पुरतात आणि तुमचा सेट सात देतो. जास्तीचे तीन वॅट गेटवर (मॉस्फेटच्या इनपुटच्या पायावर) ओतले की आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या माणसाला त्रास होतो. मधे ३ डेसिबलचा अटेन्युएटर (पॉवर निम्मी करणारे तीन रेझिस्टर) घाला: ३०० ओहम जमिनीला, १८ ओहम मधे, पुन्हा ३०० ओहम जमिनीला. मधला ३ वॅटचा, बाजूचे २ वॅटचे, सगळे मेटल ऑक्साइड. सात वॅटचे साडेतीन होतात. बोर्डाच्या आत आधीच अटेन्युएटर असेल तर दुसरा लावू नका, बोर्डाचा नकाशा बघून ठरवा.

टप्पा ७: रिले

एकाच दुहेरी रिलेने काम होते, पण मी दोन वेगळे रिले वापरतो. एक सेटच्या आउटपुटजवळ, दुसरा अँटेना सॉकेटजवळ. ऐकताना दोन्हींचे एनसी (रिले सुटलेला असताना जुळलेले) संपर्क कोॲक्सच्या तुकड्याने एकमेकांना जोडलेले, म्हणजे सिग्नल ॲम्प्लिफायरला वळसा घालून सेटमध्ये जातो. बोलताना पहिल्या रिलेचा एनओ (रिले ओढल्यावर जुळणारा संपर्क) अटेन्युएटरमधून बोर्डाच्या इनपुटला, दुसऱ्याचा एनओ फिल्टरच्या टोकाला.

रिलेच्या कॉइलवर १एन४००७ उलटा लावा. नसेल तर रिले सुटताना येणारा झटका पीटीटीच्या (बोलताना दाबायच्या बटणाच्या) ट्रान्झिस्टरला मारतो. रिले सेटच्या ट्रान्समिट लाइनवरून बीसी५४७ सारख्या ट्रान्झिस्टरने चालवा, लाइनवर थेट भार टाकू नका. बोर्डाचा बायसही (तो काय ते टप्पा ८ मध्ये सांगितले आहे) याच लाइनने सुरू-बंद होऊ द्या. बायस सतत चालू राहिला तर ऐकताना हिस वाढतो आणि हीटसिंक उगाच तापतो.

तपासणी: बोर्डाला वीज न देता सेट लावा. रोजच्यासारखे ऐकू येते का? पीटीटी दाबल्यावर दोन्ही रिले एकदम टिक करतात का? ऐकणे आधीपेक्षा मंद झाले असेल तर वळशाच्या वायरीत चूक आहे.

टप्पा ८: बायस

सर्वांत जास्त मॉस्फेट इथे मरतात, म्हणून इथे घाई करू नका. हे काम रात्री उशिरा, झोप आलेली असताना करू नका.

बायस म्हणजे काही न बोलता मॉस्फेटमधून वाहणारा थोडासा करंट. तो कमी पडला तर आवाज खरखरीत होतो, जास्त झाला तर नुसती उष्णता निघते. या मॉस्फेटचा गेट २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान उघडतो आणि उघडल्यावर करंट अचानक चढतो. प्रिसेटचा पाव वळसा शंभर मिलीअँपिअरवरून दोन अँपिअरवर नेऊ शकतो.

क्रम असा.

एक. आउटपुटला डमी लोड. सेटचा माइक काढून ठेवा.

दोन. बोर्डाच्या धन वायरीत ट्रॅक्टरच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब मालिकेत लावा. काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, मॉस्फेट वाचतील. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही.

तीन. दोन्ही प्रिसेट शून्याकडे फिरवा. शून्य कोणत्या बाजूला आहे हे अंदाजाने ठरवू नका. ड्रेनकडे जाणारी वीज तोडून फक्त बायसला वीज द्या, पीटीटी दाबा आणि गेटवर मल्टिमीटर लावा. दोन्ही गेटवर शून्याच्या जवळ वाचन हवे. काही किटमध्ये एक प्रिसेट उलट्या दिशेने बसवलेला आढळतो.

चार. आता ड्रेनची वीज जोडा, बल्बबरोबर मालिकेत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर. पीटीटी दाबा, वाचन लिहून घ्या. समजा ४० मिलीअँपिअर आले.

पाच. पहिला प्रिसेट केसभर फिरवत जा. सुरुवातीला काहीच होणार नाही, तरी धीर धरा. वाचन १०० ने वाढून १४० झाले की थांबा.

सहा. दुसरा प्रिसेट तसाच, वाचन २४० होईपर्यंत. दोन्ही मॉस्फेटचा वाटा सारखा हवा. एकट्यालाच दोनशे दिले तर एक तापतो आणि दुसरा फुकट बसतो.

सात. पीटीटी पाच मिनिटे अधूनमधून दाबून वाचन पाहा. मॉस्फेट तापला की त्याचा करंट वाढतो, त्याने तो आणखी तापतो. वाचन चढतच राहिले तर पॅड नीट बसलेला नाही किंवा बायस जास्त आहे. तापमान पाहून बायस कमी करणारा डायोड किंवा थर्मिस्टर बोर्डावर असेल तर तो हीटसिंकला प्रत्यक्ष चिकटलेला हवा. हवेत लटकलेला काही कामाचा नाही.

जानेवारीच्या सकाळी लावलेला बायस मे महिन्यात वाढलेला सापडतो. म्हणून मी वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये, तो पुन्हा मोजतो.

टप्पा ९: डमी लोडवर पहिले बोलणे

बल्ब काढा, फ्यूज ठेवा. काही न बोलता पीटीटी दाबा. डमी लोडचा मीटर शून्य दाखवायला हवा. न बोलता वॅट दिसत असतील तर बोर्ड स्वतः ओरडतो आहे. लगेच सोडा. इनपुट-आउटपुट वायर दूर करा, पत्र्याचे पेच आणि जमिनीच्या जोडण्या तपासा, गेटच्या मालिकेत १० ओहम आहेत का बघा.

शून्य असेल तर माइक गेन (माइकचा आवाज कमी-जास्त करणारी खुंटी) कमी ठेवून दोन सेकंद "आऽऽ" म्हणा. मग गेन थोडा वाढवून पुन्हा. प्रत्येक वेळी व्होल्टेज आणि करंट लिहा. एका जागी असे येते की गेन वाढवला तरी व्होल्टेज फारसे वाढत नाही. तिथून थोडे मागे या आणि माइक गेनवर खूण करा.

साध्या बोलण्यात मीटर दहा-बारा वॅटच दाखवेल. एसएसबीत असेच होते, आवाजाची शिखरे तीसला जातात आणि सरासरी कमी दिसते. सुई तीसवर नेण्यासाठी गेन वाढवू नका. आर्वीच्या त्या सेटमध्ये हेच झाले होते.

तपासणी: बोलताना बोर्डाच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. मेनच्या पुरवठ्यावर १३ च्या खाली गेले तर वायर किंवा जोडणी कच्ची आहे. हीटसिंकवर बोट पाच सेकंद टिकत नसेल तर थांबा, पंखा आणि पॅड बघा.

फिल्टर काढून आणि लावून डमी लोडवरची पॉवर एकदा पडताळा. थोडी घट होणारच. अर्धी होत असेल तर वेढे मोजा.

टप्पा १०: हवेवर

आता अँटेना जोडा. आधी ॲम्प्लिफायर बंद ठेवून सात वॅटवर ओळखीच्या स्टेशनला बोलवा. मग ॲम्प्लिफायर सुरू करून तेच वाक्य बोला आणि दोन प्रश्न विचारा. पहिला, किती फरक पडला? दुसरा आणि जास्त महत्त्वाचा, आवाज आधीसारखाच स्वच्छ आहे का? त्याला ३ किलोहर्ट्झ बाजूला सरकून ऐकायला सांगा. तिथेही तुमचे तुकडे ऐकू येत असतील तर ड्राइव्ह कमी करा.

फक्त अँटेनावर आवाज फाटतो आणि डमी लोडवर चांगला असतो, असे झाले तर आरएफ (अँटेनातून निघालेली रेडिओ लहर) माइकच्या वायरीत शिरते आहे. माइकची वायर फेराइटच्या रिंगेतून पाच-सहा वेळा काढा. डब्याची अर्थिंगही बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थची सळई मोकळी होते. तिच्याभोवती पाणी घाला किंवा सळई ओल लागेल इतकी खोल ठोका.

शेजाऱ्याचा टीव्ही चालू असताना एकदा बोलून बघा आणि त्याला स्वतः विचारा. तक्रार येण्याची वाट पाहू नका.

पहिल्या आठवड्यानंतर डबा उघडा. मॉस्फेटचे स्क्रू, फ्यूजची पकड आणि रिलेची सोल्डर पुन्हा बघा. तापून थंड होताना पॅड दबतात आणि स्क्रू सैल पडतात. ते पाव वळसा कसा, मॉस्फेटची पाठ आणि हीटसिंक यांच्यामधली बीप तपासणी पुन्हा करा आणि मगच झाकण लावा. आणि मृगाच्या आधी आभाळ गडगडू लागले की अँटेनाची वायर सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवायची.